मधली फळी

दोन्ही होड्या एकाच साच्यातून निघालेल्या. दोन्ही फायबरच्या, निळ्या, दोघांनी सहज उचलाव्यात इतक्या हलक्या. वाळूजच्या शेडमध्ये शेजारी शेजारी ठेवलेल्या. फरक फक्त बसायच्या फळ्यांचा. एकीला दोन्ही टोकांना फळ्या, दुसरीला मधोमध एकच.

“ही घ्या,” सारजाबाईनं मधल्या फळीच्या होडीवर हात ठेवला.

कडूबा बघतच राहिला. तीस वर्षं नवराबायको नाथसागरात एकाच होडीत. तो पुढच्या टोकाला उभा राहून जाळं टाकायचा, ती मागं बसून वल्ही मारायची. जाळ्यात त्याचा हात धरणारा पैठणपर्यंत कोणी नव्हता. वल्ह्याला मात्र त्यानं कधी हात लावला नाही, आणि त्याची त्याला लाजही नव्हती. काठावरचे लोक चेष्टा करायचे, सारजाबाई उतरली तर हा पाण्यातच राहील. तोही हसायचा.

सकाळी घाटी दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला एकट्याला आत बोलावलं होतं. सारजाबाईच्या हातात फार तर चार महिने होते. बाहेर येऊन तो तिला म्हणाला, अशक्तपणा आहे, गोळ्या दिल्यात. आयुष्यात तो तिच्याशी फारसं खोटं बोलला नव्हता, पण हे जमलं असं त्याला वाटलं. तिची पिशवी त्यानं आपल्या खांद्यावर घेतली. दोघं बरोबरीनं चालत रिक्षापर्यंत आली. जुनी होडी सडली होतीच. आजच नवी बघायला नेलं तर तिला शंका येणार नाही, आणि आपलंही मन दोन घटका कुठंतरी गुंतेल, एवढाच त्याचा विचार होता.

“दोन फळ्यांचीच घ्यायची,” तो म्हणाला. “हिच्यात तू बसशील कुठं?”

“हिच्यात मासळीला जागा लई हाय.”

“कुठली जागा? दोन्ही सारख्याच तर हायेत.”

शेडचे मालक इब्राहीमभाई मध्ये पडले. “भाभी, ती एकट्या माणसाची हाय. मधी बसून दोन्ही वल्ही त्यानंच मारायची. तुमचं काम तर जोडीचं.”

“ऐकलं का?” कडूबा म्हणाला. त्याला उगाचच बरं वाटलं.

सारजाबाईनं भिंतीला टेकवलेली वल्ही आणली आणि मधल्या फळीवर आडवी ठेवली. तेवढ्यानंही तिला धाप लागली. मग तिनं नवऱ्याच्या खांद्यावरची आपली पिशवी काढून घेतली.

“तीस वर्षं तुमी मह्या चार पावलं पुढं चालले,” ती म्हणाली. “आज घाटीच्या दारापासून मह्या बरोबरीनं चालताय. बसा आत. मी हाय तवर वल्ही मारायला शिका.”