कॉलरमधली वस्ती

डाळिंबाच्या सालींचा काढा उकळत होता. कारखान्याच्या मागच्या खोलीत वाफ अशी काही कोंदली होती, की दारात उभी असलेली आई लेकीला आधी दिसलीच नाही. दिसली ती नुसती एक सावली, हातात पिशवी घेतलेली.

"अगंबाई, इकडे कुठे वाट चुकलीस?" लेकीनं गॅस बारीक केला.

आईनं पिशवीतून शर्ट काढला. दादाचा. तो वारला त्याच्या आदल्या दिवशी त्यानं अंगातून काढून खुंटीला अडकवलेला. तो आईनं धुतला नव्हता, कुणाला धुऊही दिला नव्हता. रोज दुपारी ती त्यात नाक खुपसून बसायची आणि घरातले सगळे पाहून न पाहिल्यासारखं करायचे.

"बुरशी धरायला लागलीय गं याला. तू त्या इस्पितळाच्या चादरींना झाडपाल्याचं काय ते लावतेस ना, तसं याला लाव. टिकला पाहिजे."

लेकीनं कापड चिमटीत धरून पाहिलं. सवयच ती! अर्धं सूत, अर्धं पॉलिएस्टर. कॉलरला काळे ठिपके. "असंच ठेवलं तर बुरशी सूत खाऊन टाकणार आणि मागे राहणार पॉलिएस्टरची नुसती जाळी," ती म्हणाली. एवढ्यात वाफेतून शर्टाचा तो वास आला, आणि दादा मागून टपली मारून गेला असंच वाटलं तिला. तिनं वळूनसुद्धा पाहिलं.

खोटं बोलून वेळ मारून नेता आली असती. पण आईशी, आणि तेही या शर्टावरून? जीभ झडली असती.

"आई, आधी साबणाच्या पाण्यात उकळावा लागेल, नाहीतर काढा धरत नाही. आणि मग... वास जाईल."

"थोडासासुद्धा राहणार नाही?"

"नुसत्या घामाला वास नसतोच मुळी. अंगावर बारीक बारीक जीव असतात, ते करतात वास. प्रत्येकाच्या अंगावरचे निराळे. दादाचे दादासारखे. काढा नेमका त्यांनाच मारतो. त्याचाच तर पगार घेते मी!" ती हसायला गेली, पण जमलं नाही.

आई कॉलरकडे बघत होती. दोघींच्या मधून वाफ संथपणे वर चालली होती.

"म्हणजे ते अजून आहेत यात? जिवंत?"

"असतील काही."

"त्याच्या अंगावरचे?"

"हो गं."

आईनं शर्ट तिच्या हातातून अलगद काढून घेतला, झोपलेलं मूल घ्यावं तसा.

"मग होऊ दे जाळी," ती म्हणाली.

दाराशी बाहेरचा गार वारा लागला, तशी ती थबकली. शर्ट तिनं शालीच्या आत घेतला, छातीशी धरला, आणि कॉलरवर तळहात झाकला.

"गारठतील गं," ती म्हणाली आणि जपून पायरी उतरली.