आग्रहाचा सामना, मस्कत

"आई, आग्रहात या लोकांना कोणी हरवत नाही," मस्कतला सालिमशेठांच्या घरात शिरताना जावई काकूंना म्हणाला. "पुरे वाटलं, की कॉफीचा पेला हलवून परत द्यायचा."

नानांनी ते ऐकलंच नव्हतं. ते पेला संपवून पुढे करायचे आणि सालिमशेठ तो पुन्हा भरायचे. काकूंना नवऱ्याची दया आली, पण हार मान्य नव्हती. त्यांनी मिरजेहून आणलेला पुरणपोळ्यांचा डबा उघडला.

"शेठ, ये मेरे नाम की." सालिमशेठांनी खाल्ली. "ये लेकी की." तीही संपली. "और ये नातू की. उसको ना बोलेंगे?"

शेवटी सालिमशेठांनी रिकामी बशी उचलली आणि कॉफीच्या पेल्यासारखी हलवून काकूंच्या हाती दिली.

काकूंनी डबा बंद केला. "अहो," त्या नानांना म्हणाल्या, "आता तुम्हीपण पेला हलवा."