बोटभर घोडा

दातांच्या डॉक्टरांनी श्वास इतका हळू सोडला की बुडबुडेसुद्धा चोरपावलांनी वर गेले. समुद्राच्या तळाशी, गवताच्या पात्याला शेपटीचा वेढा घालून तो समोर उभा होता. बोटभर समुद्री घोडा! तोही नर, आणि अगदी दिवस भरलेला. या जातीत पिल्लं बापाच्या पोटात वाढतात. असा एक फोटो मिळावा म्हणून डॉक्टर कित्येक वर्षं झुरत होते. वाळूवर कोपरं टेकून ते एकामागून एक फोटो काढत सुटले.

आणि तो चष्मेवाला? देव जाणे कुठे होता!

चष्मेवाला म्हणजे त्यांच्या लेकीनं स्वतःच पसंत केलेला मुलगा. कोपऱ्यावर चष्म्यांचं दुकान, बोलणं कमी, हसणं जास्त. डॉक्टरांना तो मुळीच पटला नव्हता. दिवसभर लोकांच्या जबड्यात डोकावून तिळाएवढी कीड हुडकणारा हा माणूस. त्यांनी सरळ अट घातली, "माझ्याबरोबर पाण्यात उतरायचं आणि समुद्री घोडा शोधून त्याचा फोटो काढायचा. ज्याला समोरचं दिसत नाही, त्याला मी मुलगी देणार नाही." लेक चिडली, रडली. तो मात्र नाकातोंडात पाणी जाईस्तोवर डुबकी मारायला शिकला.

आज तळाशी घोडा दिसेपर्यंत डॉक्टर त्याला बोटानं खुणावत होते, जा, तिकडे शोध. तो मान डोलवायचा आणि पुन्हा त्यांच्याच मागे. नुसतं शेपूट!

होडीत चढल्याचढल्या डॉक्टरांनी तिथं वाट पाहत बसलेल्या लेकीला कॅमेरा दाखवला. "बघ, याला म्हणतात फोटो! आण रे तुझा."

चष्मेवाल्यानं आपला कॅमेरा पुढे केला. पहिल्या फोटोत डॉक्टरांचा डावा पाय. दुसऱ्यात उजवा. पुढच्या सगळ्यांत डॉक्टरांची ऐसपैस पाठ.

"अरे, माझ्या पाठीचे फोटो काढायला समुद्रात उतरला होतास? नापास!"

लेकीचा चेहरा पडला. तिनं कॅमेरा हातात घेतला, शेवटचे दोन फोटो मोठे करून पाहिले आणि ती एकदम थबकली.

"बाबा, तुमच्या टाकीला हे काय गुंडाळलंय?"

डॉक्टरांनी वाकून फोटोत पाहिलं. पाठीवरच्या हवेच्या टाकीला बारीक दोऱ्याचे वेढे पडले होते, आणि दोरा खालच्या खडकात घट्ट अडकला होता. पुढच्या फोटोत टाकी मोकळी.

चष्मेवाल्यानं बाहीतून एक गुंताडा काढून फळीवर ठेवला. "कुणाच्या तरी गळाचा दोरा. कापून टाकला."

"अरे, मग मला हात लावून सांगायचंस की!"

"लावणार होतो, काका. पण तुमचा घोडा समोर होता. तुम्ही दचकला असतात तर तो गवतात शिरला असता. आधी तुमच्या हवेचा काटा बघितला. हवा भरपूर होती, म्हटलं निवांत कापू."

"म्हणजे तुला घोडा दिसला होता?"

"दिसला ना. दुसराही दिसला, तुमच्या कोपराशी. पण माझे हात दोऱ्यात होते."

डॉक्टर मटकन फळीवर बसले. नव्यानं शिकणाऱ्या प्रत्येकाला ते घसा कोरडा होईस्तोवर सांगायचे, पाण्यात आधी आपला सोबती, मग मासे. आपल्या कॅमेऱ्यातले फोटो ते पुढे-मागे करून पाहू लागले. गवत. घोडा. घोडा. घोडा. घोडा दिसल्यापासून, पोरगा मागे आहे की बुडाला, हे पाहायला त्यांनी एकदाही मान वळवली नव्हती. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काय झालं, बाबा?" लेकीनं घाबरतच विचारलं. "खरंच नापास?"

डॉक्टरांनी तिला जवळ ओढलं आणि ते खालच्या आवाजात म्हणाले, "अगं, तू जरा विचारून बघ त्याला. सासरा म्हणून मी चालेन का?"