त्याला कोण ओळखतंय?

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा बरं, न्यू जर्सीतला मराठी मंडळाचा हॉल. आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या कुपोषित मुलांसाठी मदत गोळा करायची आहे आणि पडद्यावर फोटो लावायचं काम सहावीतल्या रुहीकडे आहे. मलावीहून आलेल्या, तिथल्या मदतसंस्थेत काम करणाऱ्या एस्थरमावशींनी स्वतः काढलेले फोटो आणलेत. गावातल्याच बायका घरोघर जाऊन मुलांची वजनं घेताहेत, लापशी भरवताहेत, आणि बरी झालेली मुलं खदखदून हसताहेत.

मंडळाच्या शिरीषकाकांनी नाक मुरडलं. "हे नको गं. हसणारी मुलं बघून कोण डोनेट करणार? हा लाव." संस्थेच्या जुन्या पत्रकातला तो फोटो होता. उघडा, हाडं वर आलेला एक मुलगा.

"तो माझा मुलगा आहे," एस्थरमावशी म्हणाल्या. "आता फुटबॉल खेळतो. हा फोटो नका दाखवू."

काका गोड हसले. "ओ कम ऑन, एस्थर. इथे त्याला कोण ओळखतंय?"

रुहीचे कान तापले. "काका, बायपासनंतरचा तुमचा फोटो काकूंनी ग्रुपवर टाकला होता. नाकात नळी असलेला. हार्ट पेशंट्सच्या डोनेशनसाठी तो लावू?"

"वेडी आहेस का? इथे सगळे मला ओळखतात."

रुहीने मावशींकडून फुटबॉल खेळणाऱ्या मुलाचा फोटो मागून घेतला, पडदाभर लावला, आणि त्यांना विचारून खाली मोठ्या अक्षरांत त्याचं नाव लिहिलं: चिसोमो.