कपातली माशी

"तुझी पोरगीच फोडतेय सगळं," होंगसाहेब म्हणाले. "दुसरं आहे कोण?"

वंगने आधी मीटिंगच्या खोलीचं दार नीट लावून घेतलं. हाइशान मोटर्सच्या सुरक्षेचं काम कित्येक वर्षं त्याच्याकडे होतं. चोर त्याने पुष्कळ पकडले होते, पण संशय कधी त्याच्याच घरापर्यंत आला नव्हता.

हाइशानच्या बॅटरीवर एका जर्मन कंपनीला आपली नवी गाडी उभी करायची होती. एके काळी हेच जर्मन ग्वांगचौला येऊन गाडीचं दार कसं बसवायचं ते शिकवून गेले होते. आता तेच गिऱ्हाईक होऊन आले होते आणि होंगसाहेबांना त्याची भारी मौज वाटत होती. पण कुठेतरी माशी शिंकत होती. होंगसाहेब टेबलावर जर्मनांसमोरच आपल्या माणसांशी चिनीत काही ठरवायचे, आणि जेवून परतलेले जर्मन नेमकं त्यावरच बोट ठेवायचे.

टेबलावर दोन्ही भाषा येणारी एकटी यावेन होती. कंपनीची दुभाषी, आणि वंगची मुलगी.

"आजच काढतो तिला," होंगसाहेब म्हणाले. "मग या शहरात तिला कोण दारात उभं करतं तेही बघतो."

"दादा, एक दिवस द्या. माझा डोळा जर्मनांच्या त्या म्होरक्यावर, फोग्टवर आहे."

"का?"

"चहा ओतला की तो बोटं वाजवतो."

होंगसाहेब थबकले. कपात चहा पडला की दोन बोटं वाकवून टेबलावर टकटक करायची, ओतणाऱ्याचे आभार म्हणून, ही तर इकडचीच रीत.

"एवढं उचललंय बेट्याने, तर भाषा उचलली नसेल?" वंग म्हणाला. "सोंग घेऊन बसलाय. आपण त्याच्या तोंडावर बोलतो आणि तो निवांत ऐकतो."

"मग काय, उद्या मुक्याने बसायचं?"

"आपली बोली आहे की."

आता होंगसाहेब खदखदून हसले. दोघेही चाओचौकडचे, एकाच गावचे. त्यांची बोली कचेरीत दुसऱ्या कुणाला येत नव्हती.

"आणि तुझी लेक?"

"तिला ओ का ठो कळत नाही."

हे वंगचं जुनं दुखणं होतं. बायको हार्बिनची, म्हणून घरात सगळं उत्तरेचं बोलणं. तो गावी फोन लावायचा तेव्हा छोटी यावेन कानांवर हात ठेवायची. "बाबा, बदकं भांडतायत!" म्हणायची. दर उन्हाळ्यात मात्र ती हट्टाने आजीकडे राहायला जायची. आजीला दुसरी भाषा येत नव्हती, दोघींचं कसं निभायचं कुणास ठाऊक. पोर हुशार होती, आपल्या जिद्दीवर जर्मन शिकली. तिला जर्मनीला धाडण्याची ऐपत काही वंगची झाली नाही, आणि ते त्याला अजून लागायचं.

दुसऱ्या दिवशी फोग्ट समोर येऊन बसला. वंगने स्वतः चहा ओतला. दोन बोटं वाकली, टकटक झाली. वंगने होंगसाहेबांकडे पाहिलं.

"ऐक," होंगसाहेब गावच्या बोलीत म्हणाले, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात अशा सुरात. "फ्रेंच कंपनीने काल रात्री अंग काढून घेतलं. अजून कंपनीत कुणाला सांगितलेलं नाही. हे उठून गेले तर आपल्याला दुसरं गिऱ्हाईक नाही. दुपारपर्यंत ताणू, नाहीतर बॅटरीबरोबर तिचं सॉफ्टवेअरही देऊन टाकावं लागेल."

"फ्रेंचांचं नाव घेत राहा, दादा. तेवढ्यावर हे नरम येतील," वंग त्याच बोलीत म्हणाला.

फोग्टच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. पक्का आहे, वंगला वाटलं. यावेन वहीत काहीबाही रेघोट्या ओढत होती, तिला भाषांतराला काम नव्हतं.

जेवणाची सुट्टी झाली. जर्मन बाहेर जेवायला गेले आणि यावेनही त्यांच्याबरोबर गेली, दुभाष्याला त्यातून सुटका नसते.

परतल्यावर फोग्ट थोडक्यात बोलला. यावेनने ते सपाट आवाजात सांगितलं, "ते म्हणतात, सॉफ्टवेअरसकट द्या, नाहीतर आज रात्रीच्या विमानाने आम्ही जातो. ते म्हणतात, फ्रेंच तर गेलेच आहेत."

होंगसाहेब उठले. त्यांनी स्वतः फोग्टचा कप भरला आणि साध्या चिनीत हसून म्हणाले, "जपून साहेब, कपात मेलेली माशी आहे."

यावेनने तोंड उघडलं. होंगसाहेबांनी हात वर करून तिला थांबवलं.

फोग्टने मान लववली, दोन बोटं वाजवली आणि कप एका घोटात रिकामा केला.

होंगसाहेब खुर्चीत बसले. त्या माणसाला एक अक्षरही कळत नव्हतं.

सह्या झाल्या. सॉफ्टवेअर गेलं. जर्मन निघून गेल्यावर होंगसाहेब गावच्या बोलीत एवढंच म्हणाले, "आपण दोघंच होतो रे. बाहेर कुणाला सांगत नाही, पण उद्यापासून येऊ नकोस."

वंग निर्दोष होता, पण हिशेब त्याच्याच नावावर येऊन थांबत होता, आणि त्याला स्वतःलाही दुसरा माणूस दिसत नव्हता. त्याने गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं.

होंगसाहेब यावेनकडे वळले. "पोरी, तुझ्यावर उगाच संशय घेतला. तुझी नोकरी पक्की."

यावेनने मान खाली घातली.

दोघं गाडीपर्यंत आली. वंगला एका गोष्टीचा आधार होता. लेकीवरचा डाग पुसला गेला होता. त्याच्या वयाला आता नोकरी गेली काय नि राहिली काय, तिचं सगळं अजून पुढे होतं.

तो गाडीत बसला. यावेन शेजारी फोन उघडून बसली. अंधारून आलं होतं, चष्म्याशिवाय गाडी चालवणं त्याला जमायचं नाही. त्याने समोरचा कप्पा चाचपला, सीटखाली हात घातला. दिवसभर जिभेवर घोळलेली गावची बोलीच तोंडातून बाहेर पडली. तो स्वतःशीच पुटपुटला, "कुठे कडमडला हा चष्मा?"

"कोटाच्या आतल्या खिशात, बाबा," फोनवरची नजर न हलवता यावेन म्हणाली.