घरचा आवाज

हिशेब सरळ होता. टेकडीवरच्या त्या कायोटीला सासऱ्यासमोर आडवं केलं, की रॉइसला ओढ्याकाठचं कुरण मिळणार. नाही जमलं, तर आणखी एक वर्ष सासऱ्याच्या मेंढ्यांच्या लेंड्या उपसायच्या आणि घरी बायकोची बोलणी खायची. सासऱ्याने, वर्ल स्टॉडर्डने, तसा शब्द दिला होता. आणि वायोमिंगच्या त्या मुलखात वर्लच्या नुसत्या शब्दावर लोक आपले कळप त्याच्या दारात न मोजता सोडून जात.

कायोटी म्हणजे कोल्ह्याची थोरली बहीण नि लांडग्याची धाकटी. ही तर दोघांच्या वरताण निघाली होती. वसंत सुरू झाल्यापासून कोकरं नेत होती आणि सापळ्यात हगून जात होती.

वारा तोंडावर घेऊन सासरा-जावई झुडपांत पालथे पडले. समोर उघड्या माळावर, जनावरांचं रडणं वाजवून शिकार जवळ बोलावणारी आवाजाची पेटी ठेवलेली. वर्लच्या बगलेशी त्याची कुत्री टिली. तिचं काम ठरलेलं. कायोटी दिसली की जाऊन तिला डिवचायचं, आणि ती अंगावर आली की शेपूट घालून बंदुकीसमोर पळत यायचं. पिल्लं असलेली कायोटी कुत्र्याला बिळाच्या वाऱ्यालाही उभं करत नाही. त्या रागावरच टिलीने आजवर कितीतरी जणी आणून दिल्या होत्या.

पण टिली आता स्वतःच ओली बाळंतीण होती. परवा तिच्या एका पिल्लाचा पंजा चेचलेला सापडला. आईच पिल्लांवर बसते म्हणून वर्लने तिला दोन लाथा घातल्या आणि सगळी पिल्लं तिच्यापासून तोडून शेडमध्ये बाटलीच्या दुधावर लावली. तेव्हापासून दूध साठून तिचे सड दगड झाले होते.

"सशाचं रडणं लावतोस ना, जावईबापू?"

"विकतच्या सशाला ती हसते, वर्ल. आज घरचा माल आणलाय. ऐका नुसतं."

"लग्नात बायबलवर हात ठेवून असंच काहीतरी बोलला होतास. लाव."

रॉइसने रिमोटची कळ दाबली. पेटीतून एक पिल्लू किंचाळलं. बारीक, मध्येच श्वास तुटणारं.

टिलीने इशाऱ्याची वाट पाहिली नाही. ती उठली ती थेट पेटीवर गेली. जाळी चाटली. मग पेटीभोवती अंगाचं वेटोळं करून तिने आपलं पोट त्या पत्र्याला लावलं.

"हे काय थेर!" रॉइस फुसफुसला. "बोलवा तिला."

तेवढ्यात कायोटी आली. शहाणी कायोटी वाऱ्याचा वास घेत वळसा घालून येते. ही सरळ आली. तिचंही पोट दुधाने लोंबत होतं. पेटीपाशी येऊन थांबली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. कुणीच गुरगुरलं नाही.

"थांब," वर्ल म्हणाला, तोवर बार झाला होता.

रॉइस नाचतच पुढे गेला. "एका गोळीत! कुत्रीला ओरखडा नाही!"

वर्ल मागून आला. "हा आवाज कुठला?"

"शेडमधल्या टिलीच्या पिल्लाचा. पक्कडीत पंजा धरला जरासा. पठ्ठ्या काय गायलाय!"

वर्लने टिलीला लाथा घातलेल्या आपल्या उजव्या बुटाकडे पाहिलं.

"बंद कर ते."

रॉइसने कळ दाबली. रडणं थांबलं नाही. पुन्हा दाबली. वर्लने वाकून पाहिलं, तर पेटीचा दिवा विझलेला होता. टिलीचे कान टेकडीकडे वळले होते.

"बीळ!" रॉइसने मांडीवर थाप मारली. "आयतंच सापडलं की! खणून काढतो सगळी. फावडं कुठाय?"

वर्लने मेलेल्या कायोटीचं दुधाने लोंबणारं पोट पाहिलं.

"फावडं घरी राहिलं," तो म्हणाला.

फावडं गाडीतच होतं.

"मग उद्या. आणि... कुरण?"

"तुझं. शब्द दिलाय ना."

रॉइसने मागच्या पायांना धरून कायोटीला गाडीकडे ओढत नेलं. तिच्या सडांतून वाटेवर दूध सांडत होतं. वर्लने टिलीसाठी शीळ घातली. ती त्या रडण्याच्या दिशेने टेकडी चढत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. वर्लने दुसरी शीळ घातली नाही.

कुरण रॉइसला मिळालं. वर्लला ते एका थापेला पडलं. बाकीची किंमत त्या दोघींनी आधीच चुकती केली होती.