विजेचा अभ्यास

जव्हार संस्थानच्या शिष्यवृत्तीवर मुंबईच्या कॉलेजात गेलेला सुकऱ्या वीज आणि चुंबकत्वाच्या पेपरात दुसऱ्यांदा नापास झाला आणि सामान घेऊन साखरशेतला परतला. घाट चढून पाय भरून आले होते.

त्याची आई, धोंडीबाई, अंगणात नाचणी पाखडत होती. तिनं निकाल विचारलाच नाही.

"विजेचं शिकलास ना? मग सांग, ती तुझ्या बापावरच का पडली?"

सुकऱ्या तिथंच जमिनीवर टेकला. "बा तेव्हा कुठं होता?"

"भाताची आवणी चालली होती. पाऊस बघत बांधावर उभा होता."

"उघड्यावर जे उंच असतं, त्यावर वीज पडते, आये. तिथं झाड असतं तर झाडावर पडली असती."

"म्हणजे कुणाच्या पायगुणानं नाय पडत?"

"पायगुण? विजेला माणूससुद्धा कळत नाय."

धोंडीबाईच्या हातातलं सूप खाली आलं.

"तू पोटात होतास. तेव्हापासून गाव मला पांढऱ्या पायाची म्हणतं," ती म्हणाली. "गावाचं सोड. मीपण तेच खरं मानत आले रे."